बंद दारामागे मोठी झालेली मुलगी

२२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. महाराष्ट्रातल्या शहरांतील शाळा त्याआधीच बंद झाल्या होत्या. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तोही पुढे रद्द झाला. नववी आणि अकरावीच्या वार्षिक परीक्षा झाल्याच नाहीत. एकवीस दिवसांनी सगळे सुरळीत होईल असे सर्वांनाच वाटत होते. प्रत्यक्षात मुलांच्या आयुष्यातली जवळजवळ दोन शैक्षणिक वर्षे घरात गेली. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीप्रमाणे १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला या काळात फटका बसला.

या सगळ्या चर्चेत लहान मुलांविषयी बरेच बोलले गेले, वृद्धांविषयीही बोलले गेले. पण चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. या वयाला मैत्रिणी हव्या असतात, बाहेरचे जग हवे असते, आईवडिलांपासून थोडे अंतरही हवे असते. नेमक्या याच वयात ही मुले दहा बाय पंधराच्या खोलीत सात-आठ माणसांबरोबर कोंडली गेली. तिथे त्यांचे काय झाले? ती खचली की घडली? आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलींच्या हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या सोळा महिन्यांच्या हकिगतीतून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत. नाव मात्र मुद्दाम देत नाही.

खटखट थांबली तेव्हा

मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्ती पावणेपाच लाखांच्या आसपास. इथल्या मुलांना मागांच्या खटखटीतच झोप लागते. शुक्रवारी माग बंद असतात, तेवढीच काय ती शांतता. टाळेबंदी लागली आणि ही खटखट आठवडेच्या आठवडे थांबली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शहरात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि बघता बघता मालेगावचे नाव रोज बातम्यांत येऊ लागले. गल्लीच्या तोंडाला बांबू लागले.

या मुलीचे अब्बू मागावर काम करतात. मजुरी आठवड्याची, त्यामुळे माग बंद म्हणजे चूल बंद. अम्मी घरी कांड्या भरते, तेही काम थांबले. घरात आजोबा, अम्मी, अब्बू, अविवाहित फुफी, ही मुलगी आणि तिच्या पाठचा एक भाऊ व एक बहीण, अशी सात माणसे. मार्च महिन्यात ही मुलगी नववीत होती. परीक्षा नाही म्हटल्यावर पहिले आठ-दहा दिवस आनंदात गेले. मग झोपायची वेळ पुढे गेली, उठायची वेळ दुपारवर गेली, भावंडांत भांडणे सुरू झाली आणि अम्मीचा आवाज चढू लागला. बहुतेक घरांतले हे चित्र होते.

इथे एक गोष्ट पालकांनी समजून घ्यायला हवी. या वयात शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते. झोप आणणारे मेलॅटोनिन हे द्रव्य किशोरवयात रात्री उशिरा तयार होऊ लागते. त्यामुळे मुले उशिरा झोपतात, पण झोपेची गरज कमी होत नाही. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी असे डॉक्टर सांगतात. शाळेची घंटा असते तोवर हे घड्याळ कसेबसे ताब्यात राहते. घंटाच गेली की दिवस आणि रात्र यांची अदलाबदल होते. याला निव्वळ आळस समजून रागावण्यात अर्थ नसतो. शाळेच्या घंटेच्या जागी दुसरी एखादी घंटा हवी असते.

या घरात ती घंटा आजोबांमुळे आली. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये ठरली होती, ती टाळेबंदीमुळे पुढे गेली. त्यांना वर्तमानपत्र वाचल्याशिवाय करमत नसे. नवे अंक घरी येणे बंद झाले होते, पण रद्दीचा गठ्ठा फळीवर होता. त्यांनी नातीला सांगितले, रोज नाश्त्यानंतर एक तास मला वाचून दाखव, जुने असले तरी चालेल. एक दिवस उर्दू पेपर, एक दिवस मराठी. उर्दूत जबर-जेर चुकले की आजोबा टोकत. मराठीत अडखळली की दोघे मिळून अर्थ लावत. नववीपर्यंत जी मुलगी आमच्या तासाला मराठीचा उतारा वाचायला उभी राहिली की घामाघूम व्हायची, तिने त्या दोन महिन्यांत शंभरावर अग्रलेख मोठ्याने वाचले. याच सुमारास तिने एका जुन्या वहीत रोज चार ओळी लिहायला सुरुवात केली. पुढे त्याच वहीच्या मागच्या बाजूला किराणा दुकानाच्या उधारीचा हिशेबही येऊ लागला, कारण अब्बूंनी ते काम तिच्यावर सोपवले.

घरातला रमजान

२५ एप्रिलला रमजान सुरू झाला. मशिदी बंद होत्या. उलेमांनी नमाज आणि तरावीह घरीच अदा करण्याचे आवाहन केले होते. ज्या शहरात रमजानच्या रात्री बाजार पहाटेपर्यंत जागा असतो, तिथे रस्ते ओस पडले. मोठ्यांना याचे फार दुःख झाले आणि ते स्वाभाविकच होते. पण मुलींच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट घडली. एरवी तरावीहला पुरुष आणि मुलगे मशिदीत जात आणि घरातल्या बायका स्वयंपाकघर आवरून एकेकट्या नमाज पढत. त्या वर्षी आजोबांच्या इमामतीत सगळे घर एकत्र उभे राहिले. मागच्या सफमध्ये अम्मी, फुफी आणि दोन्ही मुली. नमाजनंतर आजोबा त्या दिवशी पढलेल्या सूरहचा अर्थ सोप्या भाषेत सांगत. मुलीने वहीत लिहिले आहे, की अब्बू सूरह यासीन इतकी छान पढतात हे तिला पहिल्यांदाच कळले.

काम वाटून घेण्याची सुरुवातही याच महिन्यात झाली. सहेरीला भावाने सगळ्यांना उठवायचे, इफ्तारचे दस्तरखान त्यानेच मांडायचे आणि उचलायचे. भजी तळणारी अम्मी आणि निवांत बसलेला मुलगा ही जुनी पद्धत मोडली, कारण मुलाला बाहेर पळायला जागाच नव्हती. त्याने पहिले चार दिवस तोंड वाकडे केले. पाचव्या दिवसापासून तो लिंबाचे सरबत स्वतःच करू लागला.

विलगीकरणाचे चौदा दिवस

रमजानचा दुसरा अशरा संपत असताना आजोबांना ताप आला. तपासणी पॉझिटिव्ह निघाली आणि त्यांना रुग्णालयात नेले. घरातल्या बाकी सहा जणांना संपर्कातले म्हणून चौदा दिवसांसाठी विलगीकरण केंद्रात ठेवले. आजोबांशी कोणाला बोलता येत नव्हते. रुग्णवाहिकेत बसताना त्यांनी नातीकडे बघून एवढेच म्हटले, “पेपर जपून ठेव.”

साथीत माणसांना वेगळे ठेवण्याची पद्धत जुनी आहे. आजच्या दुब्रोव्निक शहरात, तेव्हाच्या रागुसात, १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस बाजूला ठेवण्याचा नियम झाला. पुढे व्हेनिसमध्ये हे दिवस चाळीस झाले आणि ‘चाळीस’ या अर्थाच्या तिथल्या शब्दावरून क्वारंटाईन हा शब्द आला. आपल्याकडे तर त्याहून जुनी शिकवण आहे. साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण असलेल्या प्रदेशात साथ आली तर तिथून पळून जाऊ नये, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदेश बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्ग येथे पोहोचले असताना पुढे साथ असल्याचे कळले. त्यांनी सल्लामसलत केली आणि ते लोकांना घेऊन माघारी फिरले. हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे का, असे विचारले गेले तेव्हा, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. केंद्रात फुफी फार घाबरली होती. तिला ही गोष्ट या मुलीनेच सांगितली. तिने ती आजोबांकडून ऐकली होती.

तरीही ते चौदा दिवस कठीण होते. एका मोठ्या खोलीत तीन कुटुंबे, मध्ये चादरींचा पडदा, शौचालय सामाईक. केंद्रातल्या बायकांपैकी बहुतेकींना मराठी बोलता येत नव्हते आणि रोज येणाऱ्या परिचारिकेला उर्दू नीट समजत नव्हते. तक्रारी खूप होत्या, पण त्या सगळ्या आपापसांत. तिसऱ्या दिवशी एका मुलीला पाळी आली. जवळ काही नव्हते. बाई लाजेने गप्प, मुलगी कोपऱ्यात रडत बसलेली. तेव्हा आमची ही विद्यार्थिनी उठली, परिचारिकेजवळ गेली आणि मराठीत म्हणाली, “ताई, इथे नऊ मुली आणि बायका आहेत. आम्हाला पॅड लागतील, आणि बाथरूमला आतून कडी नाही.” संध्याकाळी पॅडचे खोके आले. दुसऱ्या दिवशी कडी बसली.

त्या दिवसापासून केंद्रातल्या बायका प्रत्येक गोष्टीसाठी तिला पुढे करू लागल्या. कोणाच्या मधुमेहाच्या गोळ्या संपल्या, कोणाचा फॉर्म भरायचा, सहेरीचे जेवण उशिरा येते हे सांगायचे, अशी सगळी कामे तिच्याकडे आली. ती वहीत यादी करायची आणि सकाळी एकदाच सगळे सांगायची. आम्ही वर्गात पत्रलेखन शिकवताना ‘विषय’, ‘महोदय’, ‘आपली विश्वासू’ हे फळ्यावर लिहितो आणि मुली ते पाच गुणांसाठी पाठ करतात. तिने केंद्रप्रमुखांना पिण्याच्या पाण्याविषयी असे पत्र खरोखर लिहिले आणि खाली अकरा बायकांच्या सह्या, अंगठे घेतले.

२५ मेची ईद या कुटुंबाने केंद्रातच केली. नवे कपडे नव्हते, शीरखुर्मा नव्हता. आजोबांचा फोन मात्र आला. ताप उतरला होता. जूनच्या सुरुवातीला ते घरी परतले. गल्लीतल्या काहींनी त्यांना पाहून खिडक्या लावून घेतल्या, तर शेजारच्या खालांनी दारात गरम शोरब्याचे पातेले आणून ठेवले. दोन्ही गोष्टी तिने वहीत लिहिल्या आहेत.

एक मोबाईल, तीन मुले

शाळा बंद असतानाही शिक्षण सुरू ठेवण्याचे प्रयत्न झाले. पहिली ते आठवीसाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागू लागली. आम्ही व्हॉट्सॲपवर गट केला, पण वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलींच्या घरी स्वतंत्र मोबाईल नव्हता. जो होता तो अब्बूंचा किंवा मोठ्या भावाचा. घरात मोबाईल एक असेल तर तो आधी मुलाच्या हातात जातो, हा आमचा अनेक घरांतला अनुभव आहे.

या घरात वाद झाला. भाऊ सातवीत, बहीण चौथीत, ही दहावीत. मुलीने तिघांचे वेळापत्रक करून भिंतीला चिकटवले. सकाळी फजरनंतर दीड तास तिचा, कारण तेव्हा घर शांत असते आणि नेटही बरे चालते. दुपारी भावाचा, संध्याकाळी बहिणीचा. अम्मीने त्यात एक नियम वाढवला. इशाच्या नमाजनंतर मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लागेल आणि सकाळपर्यंत कोणी त्याला हात लावणार नाही, अब्बूसुद्धा नाही. हा ‘अब्बूसुद्धा’ फार महत्त्वाचा होता. नियम सगळ्यांना सारखा असल्यामुळेच तो टिकला आणि झोपही रुळावर आली.

भावाबहिणीचा अभ्यास घेता घेता गल्लीतली आणखी चार मुले ओट्यावर येऊन बसू लागली. त्यांच्या आया महिन्याला जमेल तेवढे पैसे देत. अम्मी पुन्हा कांड्या भरू लागली होती. वहीच्या मागच्या पानांवर किराण्याची उधारी हळूहळू कमी होताना दिसते.

लग्नाचा निरोप

२०२० च्या नोव्हेंबर अखेरीस राज्यात नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी मिळाली. आमच्याकडे वर्ग त्यानंतर काही आठवड्यांनी भरले. मुली परत आल्या, पण सगळ्या नाही. काहींचे निकाह झाले होते. काम नाही, कर्ज आहे, लग्नाला पन्नासच माणसे चालतात म्हणजे खर्च कमी, असा हिशेब अनेक घरांत झाला. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीचे वय अठरा पूर्ण हवे, हे बहुतेकांना ठाऊक होते. तरीही हे झाले.

या मुलीसाठीही नात्यातून निरोप आला. मुलगा कमावता, मागणी काही नाही. ती सोळा वर्षांची होती. अब्बू गप्प राहिले. गप्प राहणे म्हणजे अर्धा होकार, हे तिला कळत होते. पूर्वीची असती तर रडली असती, असे ती स्वतःच सांगते. तिने वही उघडून अब्बूंपुढे ठेवली. मार्चपासूनची उधारी किती होती, आता किती उरली आणि त्यात शिकवणीचे व कांड्यांचे पैसे किती आले, हे सगळे त्यात होते. ती म्हणाली, “अब्बू, मी गेल्याने खर्च किती कमी होईल तेही लिहून बघा. मग ठरवा.”

अब्बू काही बोलायच्या आत आजोबा म्हणाले, “आणि मला पेपर कोण वाचून दाखवणार?” सगळे हसले. मग ते गंभीरपणे म्हणाले की रुग्णालयात माझ्या शेजारच्या खाटेवरचा माणूस घरी गेला नाही, मी आलो. अल्लाहने जे दिवस जास्तीचे दिले आहेत त्यांत या मुलीला अर्ध्यावर सोडल्याचे ओझे मला नको. अठरा पूर्ण होईपर्यंत या घरात हा विषय निघणार नाही. आम्ही या मुलीच्या घरी पोहोचलो तेव्हा निर्णय झालेला होता. आम्हाला फक्त चहा मिळाला.

पुढची गंमत अशी की एवढ्या जिद्दीने अभ्यास केलेल्या या तुकडीची दहावीची परीक्षाच एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५०, दहावीतल्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिकाचे २० अशा गुणांवर १६ जुलै २०२१ रोजी निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. लोकांनी थट्टा केली, ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवले. ती त्या दिवशी रडली, कारण आपण खरेच अभ्यास केला होता हे दाखवायची संधी गेली. मग अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म तिने स्वतः भरला आणि गल्लीतल्या दोघींचाही भरून दिला.

सगळ्यांचे असे झाले नाही

ही हकिगत वाचून संकटाने मुले आपोआप शहाणी होतात असे कोणी समजू नये. याच गल्लीतला एक मुलगा तेव्हा आठवीत होता. हुशार, विशेषतः गणितात. माग सुरू झाले तेव्हा त्याचे वडील आजारी होते, म्हणून तो महिनाभरासाठी कामाला गेला. तो महिना अजून संपलेला नाही. बारा तासांची पाळी करून तो घरी पैसे देतो, धाकट्या बहिणींची फी भरतो. जबाबदारीत तो कोणापेक्षा कमी नाही. पण त्याच्या जबाबदारीने त्याची शाळा खाऊन टाकली. मुलीच्या वाट्याला जबाबदारी आली तेव्हा घरात तिच्या बाजूने बोलणारे एक माणूस होते. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

काही मुले खोलवर उदास झाली. काही मोबाईलच्या खेळांत अशी अडकली की अजून बाहेर आलेली नाहीत. जे मूल आठवडेच्या आठवडे कोणाशी बोलत नाही, जेवणाखाण्यातून ज्याचे मन उडाले आहे किंवा जे मरणाच्या गोष्टी करते, त्याला नुसते ‘नमाज पढ, सब्र कर’ एवढे सांगून थांबू नये. दुआ करावीच, आणि डॉक्टरांकडेही न्यावे. उपचार घेणे हीसुद्धा प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. अडचणीत असलेल्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाईन आहे. तिथे मूल स्वतःही फोन करू शकते.

पालकांसाठी चार गोष्टी

पहिली, या वयाच्या मुलाला खरे काम द्या. खेळण्यातले नको, ज्याच्यावाचून घराचे अडेल असे. किराण्याचा हिशेब, आजोबांची औषधे, धाकट्यांचा अभ्यास. काम मुलगा-मुलगी पाहून वाटू नका.

दुसरी, नियम करा तो आधी स्वतःला लावा. बापाच्या हातात रात्री बारापर्यंत मोबाईल असेल तर मुलाला तो खाली ठेवायला सांगण्याचा हक्क राहत नाही.

तिसरी, घरातल्या वृद्धांना आणि मुलांना एकत्र बसू द्या. वाचून दाखवणे, ऐकणे, चूक सुधारणे यातून दोघांचेही भले होते. मुलीची मराठी आणि आजोबांचा एकाकीपणा, दोन्ही प्रश्न एकाच तासाने सुटले.

चौथी, मराठी शिकवा. उर्दू आपल्या घराची आणि अदबीची भाषा आहे, ती जपलीच पाहिजे. पण दवाखाना, कचेरी, पोलीस ठाणे, बँक इथे मराठी नीट बोलणारी एक मुलगी अकरा बायकांचा आवाज होऊ शकते, हे त्या केंद्रात दिसले.

४ ऑक्टोबर २०२१ पासून शाळा पुन्हा उघडल्या. हजेरीपटावरची काही नावे तेव्हाही गैरहजर होती. आम्ही शिक्षक संध्याकाळी घरोघरी जात होतो. मागावर जाणाऱ्या त्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते, हे आम्ही सांगितले आहे. फॉर्मची माहितीही लिहून दिली आहे. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि पाळीवर निघून गेला. त्याला रात्री तासभर गणित सोडून बाकीचे विषय शिकवायची तयारी या मुलीच्या भावाने दाखवली आहे, अब्बूंच्या देखरेखीखाली, ओट्यावर. गणित तो स्वतःच करेल म्हणतो.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत अशी दोन-तीन मुले असतील. त्यांची नावे आज एका कागदावर लिहा आणि या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन या.